नाव कोणाचे?

आमच्या लहानपणी घरात नातू जन्मला की त्याला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल होती. आजोबा हयात नसले तर ते जवळजवळ ठरलेलेच असे. पण नाव ठेवल्यावर पंचाईत व्हायची ती सुनेची. सासऱ्याचे नाव तिने तोंडाने उच्चारायचे नाही हा दंडक, आणि आता तर तेच नाव तिच्या पोटच्या पोराचे. मग ती त्याला बाळ म्हणे, आबा म्हणे, भाऊ म्हणे. शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि घरात दुसरेच, अशी माणसे माझ्या पिढीत घरोघर सापडतील. या चालीत सुनेला जो जाच होता त्याचे समर्थन मी करणार नाही. पण तिच्या पोटी नावाविषयीची एक समजूत होती आणि ती मला मोलाची वाटते. नाव ही नुसती ओळखीची खूण नव्हे. आधीच्या कोणीतरी आयुष्यभर वापरून तिला वजन आणलेले असते. ती दुसऱ्याच्या अंगावर घालताना हात जरा कापावा, असे त्या समजुतीचे म्हणणे होते.

हे आठवण्याचे कारण मात्र अगदी वेगळे आहे. ते कारण म्हणजे मोटारी. गेल्या काही वर्षांत जगभरच्या मोटार-कारखानदारांना एक छंद जडला आहे. ज्या गाडीवर एखाद्या पिढीने जीव लावला, तिचे उत्पादन थांबून बरीच वर्षे लोटली की ते तिचे नाव कपाटातून काढतात आणि भलत्याच गाडीवर चढवतात. ही भलती गाडी बहुधा एकाच साच्याची असते. जराशी उंच, पोटाशी फुगीर, जीपचा आव आणणारी पण डांबरी रस्ता सहसा न सोडणारी. ना धड मोटार, ना धड जीप. तिला क्रॉसओव्हर म्हणतात. फोर्डची कॅप्री १९६९ ते १९८६ या काळात युरोपातल्या बेताच्या मिळकतीच्या तरुणांचे स्वप्न होती; दोन दारांची, लांब नाकाची, बुटकी गाडी. २०२४ साली ते नाव विजेवर चालणाऱ्या एका क्रॉसओव्हरला मिळाले. प्युमा या नावाचे २०१९ मध्ये तेच झाले. मस्टँग तर अजून जिवंत असताना त्याच वर्षी तिच्या नावाचा एक तुकडा तोडून दुसरीला लावण्यात आला.

मला यात सर्वांत गंमतीची वाटते ती मित्सुबिशीच्या इक्लिप्सची गोष्ट. १७६४ साली इंग्लंडमध्ये सूर्यग्रहणाच्या दिवशी एक शिंगरू जन्मले, म्हणून त्याचे नाव इक्लिप्स. पुढे तो घोडा शर्यतीत कधी हरला नाही. त्याच्या नावावरून १९८९ मध्ये एक चपळ मोटार निघाली आणि २०११ मध्ये थांबली. २०१७ मध्ये ते नाव इक्लिप्स क्रॉस होऊन क्रॉसओव्हरवर आले. ग्रहणापासून घोड्यापर्यंत, घोड्यापासून मोटारीपर्यंत निदान काही धागा होता. शेवटच्या पायरीवर तो कुठे गेला, हे शोधूनही सापडत नाही.

हे परक्यांचे झाले. आपल्याकडे टाटांची सफारी घ्या. पुण्यात तयार झालेली ही गाडी १९९८ मध्ये आली. ती दांडगी होती, तेल पीत असे, वळणावर डुलत असे, आणि तरीही आडवळणाच्या गावी जाणाऱ्या माणसाला तिचा आधार वाटे. २०१७ मध्ये लष्कराने अशा ३,१९२ गाड्या मागवल्या होत्या. २०१९ च्या सुमारास तिचे उत्पादन थांबले. पुढच्याच वर्षी दिल्लीजवळच्या वाहनप्रदर्शनात ग्रॅव्हिटास नावाची एक सात आसनांची गाडी मांडली गेली आणि २०२१ च्या जानेवारीत तिचेच नाव सफारी झाल्याचे जाहीर झाले. जुन्या सफारीत चारही चाकांना ओढ देणारा प्रकार मिळत असे. ही बाजारात आली ती फक्त पुढच्या चाकांनी चालणारी. गाडी वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्यात बसून प्रवास सुखाचा होतो, जुनीत होत नसे. माझा प्रश्न एवढाच, की वर्षभर एका नावाने हाक मारल्यावर दुसरे नाव ठेवले, ते त्या गाडीकडे पाहून ठेवले की गिऱ्हाइकाकडे पाहून?

यावर कारखानदार म्हणेल की यात फसला कोण? आणि ते खरेच आहे. लाखो रुपये मोजणारा माणूस डोळे मिटून गाडी घेत नाही. नवी गाडी जुनीसारखी नाही हे त्याला पुरते ठाऊक असते. तेव्हा हे खोटे बोलणे नव्हे. कायदाही त्याच्याच बाजूचा आहे. आपल्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्याप्रमाणे नोंदणी दहा वर्षांची असते आणि हवी तितकी वेळा नवी करता येते; परंतु सलग पाच वर्षांहून अधिक काळ चिन्ह वापरलेच नाही तर ते नोंदवहीतून काढून टाकावे असा अर्ज दुसऱ्याला करता येतो. म्हणजे कायदा नाव वापरा म्हणतो, कशासाठी वापरा याची चौकशी करीत नाही. नाव पडून राहिले तर हातचे जाईल ही धास्ती, आणि नव्या नावाला लोकांच्या मनात रुजवायला लागणारा पैसा व काळ वाचतो हा लाभ, दोन्ही एकाच दिशेने ढकलतात.

पण खोटे बोलणे नाही म्हणजे सचोटी आहे, असे थोडेच आहे! आमच्या शहरात हिमरू विणले जाई. ताणा सुताचा, बाणा रेशमाचा. किनखाब ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी किनखाबासारखे दिसणारे हे कापड. त्याचे नाव ‘सारखे’ या अर्थाच्या फारसी शब्दावरून आले असे सांगतात. तसे असेल तर या कापडाने आपण नक्कल आहोत हे नावातच सांगून टाकले होते, आणि एवढे सांगितल्यावर त्याला स्वतःची प्रतिष्ठा मिळाली. आज याच शहरातल्या दुकानांतून यंत्रमागाच्या शाली हिमरू म्हणून विकल्या जातात. नकलेची ही नक्कल मात्र आपण नक्कल असल्याचे बोलत नाही. किंमत पाहून गिऱ्हाईक समजते, म्हणून फसवणूक नाही म्हणा हवे तर. हातमागावर बसलेल्या विणकराला काय वाटत असेल, हे त्या हिशेबात कोठेच येत नाही.

नाव कोणाचे, हा प्रश्न मला इथे भिडतो. नोंदणीचा कागद कारखानदाराकडे असतो यात वाद नाही. पण त्या नावात अर्थ कोणी भरला? चेतक हे नाव १९७२ मध्ये बजाजने आपल्या स्कूटरला दिले, तेव्हा ते राणा प्रतापाच्या घोड्याकडून उसनेच घेतले होते. स्कूटर व्हेस्पाच्या वळणाची, नाव मेवाडचे, कारखाना आकुर्डीचा. त्या दिवशी ते नाव पोकळ होते. पुढची तीस वर्षे ते लोकांनी भरले. माझ्या वडिलांनी नंबर लावला आणि सात वर्षांनी गाडी आली. दारात उभी करून आईने तिला हळदकुंकू वाहिले, चाकाखाली लिंबू ठेवले. पुढे धाकटा भाऊ उभा, मागे आई आडवी बसलेली, तिच्या मांडीवर मी, पायाशी भाजीची पिशवी. असे आम्ही चौघे क्रांती चौकातून जात असू. गॅसचा सिलिंडर तिच्यावरून आला, आजीला दवाखान्यात तिच्यावरून नेले. सकाळी चालू झाली नाही तर वडील तिला डाव्या अंगावर कलती करीत, क्षणभर थांबत आणि मग किक मारीत. शेजारच्या घरीही तोच विधी चालू असे. घायाळ धन्याला पाठीवरून नेणाऱ्या घोड्याचे नाव या ओझ्याच्या गाडीला शोभले, ते असे. जाहिरातींनी त्यात भर घातली हे मी नाकारीत नाही. पण हा अर्थ हिशेबाच्या वहीत कुठल्या खात्यावर जमा आहे? कारखान्याने स्कूटर विकली आणि पैसे घेतले. व्यवहार तेथे संपला. नावातली माया ही त्यानंतरची, गिऱ्हाइकाच्या घरची पैदास आहे.

अर्थात एवढ्यावरून नाव लोकांचे आणि त्याला हात लावू नका, असे म्हणावे तर तेही खरे नव्हे. आमच्या शहरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये जे महाविद्यालय सुरू केले ते मिलिंद महाविद्यालय, आणि तो परिसर नागसेनवन. प्रश्न विचारणारा राजा आणि उत्तर देणारा भिक्षू, दोघेही एकाच आवारात नांदतात. मिलिंदप्रश्न या पाली ग्रंथात नागसेन राजाला विचारतो, तू आलास तो रथ म्हणजे काय? आस म्हणजे रथ का? चाके म्हणजे रथ का? सांगाडा, जू, दोर यांपैकी कोणते? यांतले कोणतेच नव्हे, आणि यांना सोडूनही रथ नाही. रथ हे व्यवहाराचे नाव. मोटारवाल्याला हा संवाद ऐकवला तर तो आनंदाने टाळी देईल: पाहा, नाव म्हणजे निव्वळ संकेत, आज या सांगाड्यावर, उद्या त्या. पण नागसेन तेवढ्यावर थांबत नाही. रात्रभर तेवणाऱ्या दिव्याचाही दाखला तो देतो. पहिल्या प्रहरीची ज्योत आणि शेवटच्या प्रहरीची ज्योत एकच नव्हे, आणि परकीही नव्हे. कारण एकीतून दुसरी पेटत आली आहे. तेव्हा सांगाडा बदलला ही तक्रार होऊ शकत नाही. नवी ज्योत जुनीतून पेटली का, एवढेच विचारायचे.

आपल्या इतिहासात याची एक कसोटी आयती आहे. ती म्हणजे दत्तक. १८७५ मध्ये कवळाण्याच्या गोपाळराव या शेतकऱ्याच्या मुलाला बडोद्याच्या गादीवर बसवून त्याचे नाव सयाजीराव ठेवले. १८८४ मध्ये कागलच्या यशवंतराव घाटग्यांना कोल्हापूरने दत्तक घेतले आणि ते शाहू झाले. नाव राजकारणाच्या सोयीने, गादीचा दावा शाबूत राहावा म्हणून ठेवलेले. कारखानदाराच्या हेतूपेक्षा तो हेतू फार उदात्त होता असे कोणी समजू नये. तरीपण आज शाहू म्हटले की महाराष्ट्रात बहुतेकांच्या डोळ्यांपुढे साताऱ्याचे छत्रपती येत नाहीत, १९०२ मध्ये मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवणारा कोल्हापूरचा राजा येतो. उसने नाव त्याने व्याजासकट फेडले. नाव ठेवणाऱ्याचा हेतू काहीही असो, नाव घेणाऱ्याने त्याच्याबरोबर आलेले काम अंगावर घेतले की मधली तूट भरून निघते. मिलिंद हे नाव घेणाऱ्या महाविद्यालयाने तरी दुसरे काय केले? ज्यांना प्रश्न विचारायची मुभा नव्हती, अशांच्या मुलांना त्याने प्रश्न विचारायला बसवले.

या कसोटीवर मला सफारीचे नाव उसनेच राहिलेले दिसते. जुनीचे काम आडरानात जाण्याचे. नवीने ते मागितलेच नाही. कॅप्रीचेही तसेच. चेतकच्या बाबतीत मात्र माझे मन इतके कठोर होत नाही. २००९ च्या डिसेंबरात बजाजने स्कूटरचा धंदाच सोडायचे ठरवले होते. नंतर २०१९ च्या ऑक्टोबरात चेतक विजेवर चालणारी होऊन प्रकटली, २०२० च्या जानेवारीत पुण्यात आणि बेंगळुरूत तिची विक्री सुरू झाली, आणि २०२२ पासून ती पुन्हा आकुर्डीत, जुन्या चेतकच्याच जागी तयार होऊ लागली. तिला गिअर नाही, किक नाही, आवाज नाही, डाव्या अंगाला कलती करण्याचे कारण नाही. सांगाड्यातले जवळजवळ काहीच जुने नाही. पण पत्रा धातूचाच आहे, आणि काम तेच आहे: बेताच्या घरातल्या माणसाला रोज बाजारात, कचेरीत, शाळेत नेऊन आणणे. पहिल्या किमती बेताच्या घराला झेपणाऱ्या नव्हत्या, ही माझी तक्रार आहेच. तरी ही ज्योत जुनीतून पेटली, असे म्हणायला जागा आहे.

एक अडचण उरते आणि ती मला सुटलेली नाही. आमच्या शहराच्या पूर्वेला शेंद्र्याला स्कोडाचा कारखाना २००१ पासून आहे आणि तेथे ऑक्टाव्हिया जुळवली जात असे. ऑक्टाव्हिया म्हणजे आठवी. १९५९ च्या मूळ गाडीला मोजणीवरून ते नाव मिळाले. १९९६ मध्ये ते नव्या, वेगळ्या गाडीवर आले तेव्हा मोजणीशी त्याचा संबंध उरला नव्हता. चेक देशात तेव्हा एखाद्या म्हाताऱ्याला वाईट वाटले असेल. शेंद्र्याला कोणालाच वाटले नाही, कारण आमच्यापुरती ती पहिलीच ऑक्टाव्हिया होती. मग ज्याला आठवत नाही त्याच्यावर अन्याय झाला असे म्हणता येईल का? आणि ज्यांना आठवते ते सगळे गेल्यावर, अन्याय उरतो तरी कोठे? या शहरात हा प्रश्न निराळ्याच रीतीने विचारला जातो. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेली खडकी, मग औरंगाबाद, २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर; इथे गाव तेच आणि नावे बदलली. प्रत्येक नावाला जीव लावणारी माणसे आहेत, आणि एकाच बसच्या पाटीकडे पाहून दोन म्हातारे दोन नावे उच्चारतात. त्यांच्या वादात मला शिरायचे नाही. पण दोघांचाही आवाज चढतो, तो पाटी रंगवणाऱ्याच्या लक्षात येत नाही, एवढे मी पाहिले आहे.

माझी भाची दोन वर्षांपासून विजेची चेतक चालवते. वाळूजला नोकरी, रोजची ये-जा. तिचे आजोबा ती कलती करीत असत, हे सांगितल्यावर ती हसली; कशासाठी कलती करायची, हे तिला समजेना. हळदकुंकू मात्र तिच्या आईने वाहिले होते. गेल्या पावसाळ्यात महावीर चौकातल्या गुडघाभर पाण्यातून गाडीने तिला घरी आणले, हे ती ज्या सुरात सांगते तो सूर माझ्या ओळखीचा आहे. आणखी तीस वर्षांनी हे नाव कोणी कशावर लावायला निघाला, तर त्याने तिला विचारावे लागेल. माझा हक्क तोवर संपलेला असेल.