निकाल, झेंडावंदन आणि गावाची वाट

महाराष्ट्रातील शालेय जीवनात झेंडावंदनाचे तीन दिवस सर्वत्र पाळले जात आले आहेत: २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट, मराठवाड्यात त्यांच्या जोडीला १७ सप्टेंबरचा मुक्तिसंग्राम दिनही असतो. यांपैकी ऐन उन्हाळ्यात येणारा दिवस एकच, आणि तो काटेकोरपणे पाहता देशाच्या नव्हे, राज्याच्या स्थापनेचा दिवस आहे. १९६० साली या तारखेला मुंबई पुनर्रचना कायद्यानुसार द्विभाषिक मुंबई राज्याचे विभाजन झाले आणि महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये अस्तित्वात आली. तथापि साठ ते नव्वदच्या दशकांत मराठी शाळांत शिकलेल्या पिढ्यांना १ मे आठवतो तो बहुधा निराळ्या कारणांनी: सकाळचे झेंडावंदन, त्यानंतर वर्गात वाचला जाणारा वार्षिक निकाल, हाती पडणारे प्रगतिपुस्तक आणि त्याच दिवशी किंवा एक-दोन दिवसांत सुरू होणारा गावचा प्रवास. राज्यस्थापनेचा इतिहास या आठवणींत क्वचितच आढळतो, आणि त्यावरून असा निष्कर्ष काढला जातो की महाराष्ट्राने आपला स्थापना दिन घराघरांत रुजवलाच नाही, तो सरकारी सोहळ्यापुरता उरला. हा निष्कर्ष अपुरा आहे. ज्या लढ्यातून हे राज्य उभे राहिले त्याचा मुख्य आशय या कौटुंबिक रिवाजातच, विशेषतः गावाकडच्या प्रवासात, सामावलेला होता. तो शब्दांत सांगितला गेला नाही, एवढेच.

या विधानाचा अर्थ स्पष्ट होण्यासाठी सामूहिक स्मृती या संकल्पनेचा थोडा विचार करावा लागतो. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ मोरिस हालब्वाक्स यांनी १९२५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की व्यक्तीची आठवण ही एकट्या व्यक्तीची नसते. कुटुंब, धर्म, वर्ग यांसारख्या समूहांनी पुरवलेल्या चौकटींत ती आकार घेते, आणि चौकट मोडली की आठवणही विरत जाते. पुढे १९८९ मध्ये पॉल कॉनरटन यांनी याला महत्त्वाची पुस्ती जोडली: समाज आपला भूतकाळ ग्रंथांत आणि भाषणांत जपतो, त्याचप्रमाणे तो ठरावीक विधींत आणि देहाच्या सवयींत, म्हणजे बसण्या-उठण्याच्या, खाण्यापिण्याच्या, जाण्यायेण्याच्या वारंवार होणाऱ्या कृतींत, जपत असतो. अशा कृती करणाऱ्याला त्यामागचा इतिहास ठाऊक असण्याची गरज नसते. बालपणीच्या सणांच्या आठवणी एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात, कोणत्या वर्षी काय घडले हे सांगता येत नाही आणि तरीही 'दरवर्षी काय होत असे' हे मात्र तपशीलवार सांगता येते, याचे कारणही हेच आहे. पुनरावृत्तीमुळे घटना पुसट होते आणि रीत ठसठशीत होते.

१ मेची रीत अशी ठसठशीत होती, आणि तिच्यात शाळेचे वेळापत्रक, ऋतू व घरातील काम हे तिन्ही धागे गुंतलेले होते. निकालाच्या दिवशी पेढे वाटले जात; वरच्या वर्गात गेलेल्या शेजारच्या मुलाची जुनी पुस्तके अर्ध्या किमतीत ठरवून घेतली जात; सरलेल्या वर्षाच्या वह्यांतील कोरी पाने फाडून, शिवून त्यांची कच्ची वही तयार केली जाई. गच्चीवर किंवा अंगणात कुरडया, पापड, सांडगे वाळत असत आणि त्यांची राखण मुलांकडे सोपवलेली असे. याच सुमारास अक्षय्य तृतीया येते. अनेक घरांत त्या दिवशी पितरांच्या नावे पाण्याने भरलेली घागर पुजली जाते आणि त्यानंतरच घरात आंबा खाण्याची मोकळीक मिळते. खानदेशात हा सण आखाजी म्हणून ओळखला जातो, सासुरवाशिणी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात. राज्याचा सण आणि कुळाचा सण असे पंचांगाने आणि दिनदर्शिकेने शेजारी आणून ठेवलेले असल्यामुळे एकाचा गंध दुसऱ्याला लागला, आणि मुलांच्या मनात त्यांच्यातील सीमारेषा फारशी उरली नाही.

या आठवणी मांडताना एक गोष्ट मात्र सहसा निसटते, आणि ती निसटू देणे अन्यायाचे आहे. सुट्टी मुलांची असे. त्यांच्या आयांची नसे. वर्षभराच्या वाळवणाचे पीठ कांडणे, चीक शिजवणे, पहाटे उठून कुरडया घालणे, आणि गावी पोहोचल्यावर वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक चुलीवर रांधणे हे सारे सुनांच्या आणि लेकींच्या अंगावर पडे. मे महिन्याच्या भरल्या घराचे जे सुख पुढे आयुष्यभर आठवत राहते, त्यामागे या स्त्रियांचे कष्ट होते, आणि त्यांच्या स्वतःच्या आठवणी विचारल्या तर चित्र बरेच निराळे निघते.

आता प्रवासाकडे वळले पाहिजे, कारण मुख्य मुद्दा त्यात आहे. मुंबईच्या गिरणगावात, म्हणजे परळ, लालबाग, शिवडी, वरळी, भायखळा या कापडगिरण्यांच्या पट्ट्यात, राहणारे बहुसंख्य मराठी कामगार रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून आलेले होते. त्यांच्यातील अनेकांचे कुटुंब गावीच असे. पुरुष चाळीतील एका खोलीत दहा-बारा जणांच्या सोबतीने राहात, खानावळीत जेवत आणि मनीऑर्डरने पैसे पाठवत. कोकणातील जिल्ह्यांत स्त्रियांची संख्या पुरुषांहून अधिक दिसे, ती याच स्थलांतरामुळे. उन्हाळा आला की गिरण्यांत खाडे वाढत, रजेवर गेलेल्यांच्या जागी बदली कामगार उभे राहात, आणि भाऊच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटी, रेल्वे व १९४८ पासून धावू लागलेल्या एसटी गाड्या चाकरमान्यांनी भरून जात. पावसाळ्यात कोकणची बोट बंद राहात असल्याने जाणे-येणे मे महिन्यातच उरकावे लागे. घर शाकारणे, लग्न जमवणे, भावकीतील वाटणीचा वाद मिटवणे, सत्यनारायण घालणे, गावच्या मुंबई मंडळाची वर्गणी आणि देवळाच्या जीर्णोद्धाराचा हिशेब गावकऱ्यांसमोर मांडणे ही सारी कामे त्या चार-सहा आठवड्यांत होत. ज्यांच्या घरी बायको-मुले मुंबईत होती, तेही शाळेचा निकाल लागेपर्यंत थांबत आणि मग सहकुटुंब निघत.

संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीचा इतिहास या पार्श्वभूमीवर वाचला तर तो वेगळा दिसू लागतो. मे १९४६ मध्ये बेळगावच्या साहित्य संमेलनात, ग. त्र्यं. माडखोलकर यांच्या अध्यक्षतेखाली, मराठी भाषकांच्या एकसंध राज्याचा ठराव झाला. भाषावार प्रांतरचनेचे तत्त्व पुढे इतरत्र मान्य होत गेले, परंतु मुंबई हाच कळीचा प्रश्न ठरला. जवाहरलाल नेहरू, वल्लभभाई पटेल आणि पट्टाभी सीतारामय्या यांच्या समितीने १९४९ मध्ये मुंबई महाराष्ट्रात घालण्यास विरोध दर्शवला. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने द्विभाषिक राज्याची शिफारस केली. जानेवारी १९५६ मध्ये मुंबई केंद्रशासित करण्याची घोषणा झाली. विरोधकांचा युक्तिवाद असा होता की मुंबई हे बहुभाषिक शहर आहे, मराठी भाषक तेथे सर्वांत मोठा गट असले तरी निम्म्याहून कमी आहेत, आणि शहराची उभारणी प्रामुख्याने इतरांच्या भांडवलावर झाली आहे. धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्या अर्थशास्त्रज्ञांनी आणि संयुक्त महाराष्ट्र परिषदेने यावर दिलेले उत्तर भाषेपुरते नव्हते. शहर आणि त्याचा पाठप्रदेश, म्हणजे ज्या भूभागावर शहराचे पोषण अवलंबून असते तो सभोवतालचा मुलूख, हे वेगळे करता येत नाहीत, हे त्या उत्तराचे मर्म होते. मुंबईचे पाणी ठाणे जिल्ह्यातील तलावांचे, गिरण्यांना मिळणारी वीज खोपोलीसारख्या सह्याद्रीच्या पायथ्याच्या केंद्रांतील, आणि गिरण्या चालवणारे हात कोकण-देशावरचे.

दरवर्षी मे महिन्यात लाखो माणसे जी वाट तुडवत होती, ती या युक्तिवादाचा चालताबोलता पुरावा होती. मुंबईतील खोली आणि गावातील घर ही एकाच संसाराची दोन टोके होती. कुटुंब दोन्हीकडे पसरलेले असताना मध्ये राज्याची सीमा आखली जाणार, ही कल्पना कामगाराला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. अण्णा भाऊ साठे यांच्या 'माझी मैना गावावर राहिली' या छक्कडीचे सामर्थ्य येथूनच येते. पोटासाठी मुंबईत आलेल्या माणसाचा पत्नीशी झालेला विरह आणि महाराष्ट्रापासून तोडल्या जाणाऱ्या प्रदेशांची व्यथा ही दोन दुःखे त्या रचनेत एकाच दुःखासारखी ऐकू येतात, कारण ऐकणाऱ्याच्या जगण्यात ती खरोखरच एक होती. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे झालेला गोळीबार आणि त्यानंतरच्या महिन्यांतील गोळीबार यांत प्राण गमावलेल्यांत कष्टकऱ्यांचा व तरुणांचा भरणा होता, हेही या संदर्भात समजून घ्यावे लागते. १०५ हुतात्मे अशी ज्यांची गणना रूढ झाली (पुढे त्या यादीत भर पडली), त्यांच्या स्मरणार्थ पुढे तेथे उभारलेल्या स्मारकात मशाल हाती धरलेले शेतकरी आणि कामगार एकत्र उभे आहेत. शिल्पात शेजारी उभी राहिलेली ही दोन माणसे प्रत्यक्षात अनेकदा एकाच घरातली होती, किंबहुना एकच माणूस ऋतूप्रमाणे दोन्ही होता.

म्हणून मुलांच्या आठवणींत लढ्याची कथा नाही आणि गावची वाट आहे, याला विस्मरण म्हणणे योग्य ठरत नाही. मात्र या स्मृतीला सर्व महाराष्ट्राची स्मृती मानणेही तितकेच चुकीचे आहे. विदर्भात हा दिवस स्वतंत्र राज्याची मागणी करणाऱ्यांनी काळा दिवस म्हणून पाळला आहे. १९५३ च्या नागपूर करारातील आश्वासने पुरी झाली नाहीत अशी तेथील तक्रार असून, मुंबईकडे जाणारी आणि मुंबईहून परतणारी वाट हा तिथल्या बहुतेक कुटुंबांचा अनुभवच नव्हता. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतील ऊसतोड मजुरांच्या मुलांचे तर सारे वर्षच उलटे चालत असे: दिवाळीच्या सुमारास आई-वडिलांबरोबर कारखान्याच्या फडावर जायचे, हंगाम संपल्यावर उन्हाळ्यात गावी परतायचे, आणि परतेपर्यंत शाळेचे वर्ष संपलेले असायचे. ज्याच्या हाती प्रगतिपुस्तक पडलेच नाही त्याची १ मेची आठवण कोणती, हा प्रश्न मराठीतील स्मरणरंजनाने पुरेशा गांभीर्याने विचारलेला नाही. याच तारखेचा दुसरा अर्थ, म्हणजे १८८६ च्या शिकागोतील आंदोलनाच्या स्मरणार्थ पाळला जाणारा आणि भारतात १९२३ साली मद्रासमध्ये सिंगारवेलू यांनी प्रथम साजरा केलेला कामगार दिन, गिरणगावात लाल बावट्याच्या मिरवणुकांनी जिवंत होता. सरकारी शाळेतील झेंडावंदनाने त्याला स्थान दिले नाही.

ही रीत ज्या चौकटीवर उभी होती ती गेल्या चार दशकांत मोडत गेली आहे. जानेवारी १९८२ मध्ये सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, आणि गाव व शहर यांना जोडणारी कष्टकऱ्यांची साखळी तुटली. त्यांच्या नातवंडांपैकी अनेक जण आता वसई, विरार, कल्याण, डोंबिवली अशा उपनगरांत राहतात. गावचे घर एक तर पडले आहे किंवा भावकीच्या वादात कुलूपबंद आहे. केंद्रीय मंडळाच्या शाळांत नवे वर्ष एप्रिलमध्येच सुरू होत असल्याने तेथे शिकणाऱ्या मुलांच्या लेखी १ मे हा निकालाचा दिवसही राहिलेला नाही. दुसरीकडे राज्याचे औपचारिक स्मरण मात्र अधिक नेटके होत आहे: शिवाजी पार्कवरील संचलन आहे, हुतात्मा चौकातील अभिवादन आहे, आणि राजा बढे यांनी लिहिलेल्या, श्रीनिवास खळे यांनी संगीतबद्ध केलेल्या व शाहीर साबळे यांनी गायलेल्या 'जय जय महाराष्ट्र माझा' या गीताला २०२३ मध्ये राज्यगीताचा दर्जा मिळाला आहे. सोहळा वाढत असताना त्याला आतून आधार देणारी घरगुती रीत क्षीण होत जावी, ही स्थिती काळजी वाटावी अशी आहे. कारण जो इतिहास कृतीतून आपोआप पोहोचत होता तो आता सांगितल्याशिवाय पोहोचणार नाही, आणि तो सांगण्याची सवय मराठी कुटुंबांना कधी लागलीच नव्हती.

त्यासाठी लागणारे साधन अजून काही घरांत शिल्लक आहे. गिरणीचे पगारपत्रक, मनीऑर्डरच्या पावत्या, गावच्या मंडळाची वर्गणीची वही, युनियनचे सभासदपत्र, बोटीच्या प्रवासाची हकीकत, आणि त्याच मे महिन्यात गावी राहून घर चालवणाऱ्या स्त्रियांच्या ओव्या व हिशेब यांची नोंद व्यवस्थित झालेली नाही. नेत्यांची चरित्रे आणि वृत्तपत्रांतील अग्रलेख मात्र चांगले जपले गेले आहेत. जिल्हा परिषदांच्या शाळांना सुट्टीतील काम म्हणून मुलांकडून आजी-आजोबांच्या मुलाखती लिहून घेता येतील, आणि राज्याच्या दिनाच्या खर्चातील अल्पसा भाग या कागदपत्रांच्या जतनाकडे वळवता येईल. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही, कारण १९५६ साली जे विशीत होते ते आज नव्वदीच्या घरात आहेत.