खलपुरुषाची पूर्वकथा

विद्यार्थ्यांच्या आग्रहास्तव आम्ही एक इंग्रजी बोलपट पाहिला आणि एक जुनाच प्रश्न मनात पुन्हा उभा राहिला. ‘द बॅलड ऑफ साँगबर्ड्स अँड स्नेक्स’ हा तो बोलपट 2023 साली निघाला. सुझॅन कॉलिन्स ह्या अमेरिकन लेखिकेच्या 2020 मधील कादंबरीवर तो आधारलेला आहे. काळ भविष्यातला. बंड मोडलेल्या परगण्यांतून दरसाल कोवळी मुले धरून आणावयाची, त्यांना एकमेकांचा जीव घ्यावयास लावावयाचे आणि राजधानीने तो खेळ पाहावयाचा, अशी तेथील राज्यनीती. आधीच्या बोलपटांतून ह्या राज्याचा क्रूर, वृद्ध अध्यक्ष म्हणून परिचित असलेला स्नो येथे अठरा वर्षांचा आहे. बाप युद्धात पडलेला, घराणे थोर, तिजोरी रिकामी; उपाशी पोटी बाहेर ऐट राखावयाची. हे दारिद्र्य मराठी वाचकास परके नाही. पडक्या वाड्यांतून त्याने ते पुष्कळ पाहिले आहे. हाच मुलगा पुढे, आपणास जिवलग मानणाऱ्या सेजॅनस नावाच्या मित्राचे बंडखोरीचे बोलणे सरकारकडे पोचवितो आणि मित्र फासावर जातो.

बाहेर पडताना एका विद्यार्थिनीने विचारले, “सर, घरी दोन वेळचे अन्न असते, तर तो असा झाला असता का?” “बहुधा नसता,” असे सांगून आम्ही मोकळे झालो. उत्तर सहृदय होते, पण खरे नव्हते. त्याच घरात, त्याच उपाशी पोटी वाढलेली टायग्रिस ही त्याची नात्यातली बहीण बोलपटभर माणूसच राहिली आहे, हे आमच्या ध्यानात घरी आल्यावर आले.

आम्ही तळेगाव दाभाडे येथे राहतो. तेव्हा असल्या प्रश्नाबरोबर राघोबादादांचे स्मरण होणे आम्हांस चुकत नाही. 1779 च्या जानेवारीत मुंबईकर इंग्रजांची फौज दादांना पुण्यास नेऊन सत्तेवर बसविण्यासाठी घाट चढून ह्याच गावापर्यंत आली. मराठ्यांनी मुलूख उजाड करून तिची रसद तोडली, तेव्हा 11 तारखेच्या रात्री जड तोफा येथील तळ्यात लोटून ती माघारी वळली आणि वडगावास कोंडली जाऊन तहास आली. परक्यांच्या त्या छावणीत आश्रित म्हणून बसलेल्या चव्वेचाळीस वर्षांच्या पुरुषाने वीस वर्षांपूर्वी, 1758 मध्ये, लाहोर घेतले होते.

दादांचीही पूर्वकथा लिहिता येईल, आणि ती वाचून डोळे ओलावतील. वडील बाजीराव 1740 साली गेले, तेव्हा वयाची सहा वर्षेही पुरी झाली नव्हती. पानिपतानंतर 1761 मध्ये वडीलबंधू गेले आणि पेशवाईची वस्त्रे सोळा वर्षांच्या पुतण्याला मिळाली. 1768 मध्ये धोडपला त्याच पुतण्याकडून पराभव, मग शनिवारवाड्यात नजरकैद. माधवरावांमागून नारायणराव आले, तरी कैद पुन्हा कपाळी आलीच. इतके सोसलेल्या मनुष्याचे मन कडू होणे स्वाभाविक नव्हे काय? होय, स्वाभाविक आहे. पण कडू मन आणि गारद्यांस दिलेली संमती ह्यांमध्ये एक उंबरठा आहे आणि तो दादांनी स्वतः ओलांडला.

आपल्या भाषेत ‘कारण’ हा एकच शब्द दोन कामे करतो. घराचे छप्पर कोसळण्यासही कारण असते आणि मनुष्याने विश्वासघात करण्यासही असते. पहिले कारण परिणाम घडवून आणते. दुसरे कारण मनुष्य आपखुशीने पत्करतो. पूर्वकथा रचणारा लेखक दुसऱ्यास नकळत पहिल्याचे रूप देतो. शेवट वाचकास आधीच ठाऊक असल्यामुळे प्रत्येक अपमान त्यास भावी पापाची सूचना वाटू लागतो, आणि खलपुरुष छपराच्या वाशासारखा निरपराध ठरतो.

म्हणून पूर्वकथा लिहूच नये, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. दुष्ट माणूस निराळ्याच मातीचा असतो, हा आपला सोयीचा समज ती मोडते. बोलपटातील स्नो मित्राचे मनोगत ऐकत असतो, तेव्हा ते टिपून घेणे न घेणे सर्वस्वी त्याच्या हाती असते. तेथे भूक नाही, सक्ती नाही. आहे ती पुढे चढण्याची वाट. ‘ध’चा ‘मा’ झाला ही प्रसिद्ध आख्यायिका खरी माना अथवा न माना. पुतण्यास धरण्याचा बेत तरी दादांस मान्यच होता.

रामशास्त्री प्रभुण्यांना ही सारी पूर्वपीठिका कोणत्याही नाटककाराहून अधिक ठाऊक होती. दादांची कैद त्यांच्या डोळ्यांसमोरची. तरीही 30 ऑगस्ट 1773 च्या खुनाचा दोष त्यांनी दादांवर ठेवला आणि पुणे सोडले. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’ने 1909 साली आणि प्रभातच्या ‘रामशास्त्री’ने 1944 साली हा प्रसंग लोकांपुढे मांडला. शास्त्रीबोवांना दादांची दया आली नसेल, असे आम्हांस वाटत नाही. दया आली असूनही निकाल बदलला नाही, एवढेच.

पुढल्या तासाला त्या विद्यार्थिनीस आमचे उत्तर मागे घेत असल्याचे आम्ही सांगितले आणि तळेगावच्या तळ्याची हकीकतही सांगितली. ती म्हणाली, “आणि नारायणराव, सर? त्यांची पूर्वकथा?” मारला गेला तेव्हा तोही अठरा वर्षांचाच होता. ‘काका, मला वाचवा’ ह्या परंपरेने सांभाळलेल्या हाकेपलीकडे त्याच्याविषयी तिला सांगण्याजोगे आम्हांस त्या वेळी फारसे काही आठवेना.