दिसतंय ना बरोबर, म्हणे!

अरे, ऑफिसात तुर्की भाषेतल्या बिनटिंबाच्या ‘आय’वरून सगळ्यांना धारेवर धरणारा तूच ना? मग मेलबर्नमधल्या आपल्या मुलांच्या मराठी वर्गाची यादी करताना ती अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस?

कऱ्हाडे आडनावाची पोर. आईने मोबाइलवर नाव शोधलं, तर तुझी यादी म्हणते, अशी मुलगीच नाही! का? यादीत ‘ऱ’ आणि हलन्त. आईच्या मोबाइलवर साधा ‘र’, हलन्त आणि पुढे डोळ्यांना न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर. बघणाऱ्याला एकच नाव, संगणकाला दोन. “पण काका, नॉर्मलायझेशन केलंय मी.” केलंस, पण त्याने काय होतं ते वाचलंस का? युनिकोडचं नॉर्मलायझेशन ही दोन रूपं एक करतच नाही. मग तू काय केलंस? जॉइनरच पुसून टाकलास! आता ‘दऱ्या’ टाकलं की ‘दर्या’ होतं, ‘आचाऱ्यांना’चं ‘आचार्यांना’ होतं. आंतरराष्ट्रीय डोमेन नावांच्या २००३च्या नियमांनी हाच जॉइनर गाळला होता. २०१०मध्ये आलेल्या नव्या नियमांनी हलन्तापुढे तो परत चालू केला. जगाने निस्तरलेली चूक तू नव्याने केलीस. ‘र’, हलन्त आणि जॉइनर या तिघांच्या जागी ‘ऱ’ आणि हलन्त घालायचा आणि मग तुलना करायची. एका ओळीचं काम होतं रे!

आणि यादीच्या पानाची भाषा काय लिहिलीस? ‘एचआय’. हिंदी! “देवनागरीच तर आहे.” लिपी म्हणजे भाषा, हे तुला कोणी शिकवलं? फॉन्टमध्ये मराठी वळणाचे ल आणि श असूनही ते दिसत नाहीत. वाचून दाखवणारा आवाज हिंदी. इथे जन्मलेली पोरं त्यालाच मराठी समजणार. ‘एमआर’ ही दोन अक्षरं इतकी जड झाली?

पान मराठीत उघडलं की मुलाचा क्रमांक ‘१,०२४’ होतो, इंग्रजीत उघडलं की इंग्रजी आकड्यांत. तोच तू पानाच्या पत्त्यात चिकटवतोस, मग दुवा तुटतो. तो मोजायचा आकडा नाही, ओळखीची खूण आहे. वाचणाऱ्याची भाषा बदलली म्हणून मुलगा बदलतो का? दाखवायचं रूप वेगळं, साठवायचं वेगळं, हे तूच नव्या पोरांना शिकवतोस!

“डॉट एयूच्या नावात देवनागरी चालत नाही, काका.” नाहीच चालत. तिथे रोमन अक्षरं, आकडे आणि संयोगरेषा एवढंच. पण तो नियम डोमेनचा. त्या पोरीचं आडनाव डोमेन आहे का? स्वतःच्या आळसावर दुसऱ्याच्या नियमाचं पांघरूण घालू नकोस.

येत नसतं तर मी बोललोच नसतो. रविवारी दहाला वर्ग भरतो. त्याआधी कऱ्हाड्यांची पोर यादीत सापडली पाहिजे, दोन्ही तऱ्हांनी लिहून.