एकाहत्तर सेकंदांचा ठोका

डिसेंबर १९३४ मध्ये शौरी तारकासमूहात एक नवतारा भडकला. काही महिने तो नुसत्या डोळ्यांनी दिसला, मग विझत गेला. १९५४ साली मर्ल वॉकर या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञाला त्या मंदावलेल्या ताऱ्याच्या, म्हणजे डीक्यू हर्क्युलिसच्या, तेजात दर ७१ सेकंदांनी येणारा चढउतार, जणू ठोका, सापडला. जेमतेम काही टक्क्यांचा, पण अत्यंत नियमित. कारण पुढे कळले. हा जोडतारा आहे, आणि त्यातला एक श्वेतबटू, म्हणजे जुन्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा. जोडीदार ताऱ्याकडून ओढलेला वायू श्वेतबटूभोवती चकतीसारखा फिरतो, चुंबकीय क्षेत्र तो ध्रुवांकडे वळवते, आणि श्वेतबटूच्या गिरकीबरोबर तिथला प्रकाशझोत फिरत राहतो.

मला जास्त मोलाची वाटते ती मोजणी. ढगाचा पातळ पदर आला तरी तारा मंद दिसतो. म्हणून शेजारचा स्थिर तारा त्याच क्षणी मोजून तुलना करावी लागते. पण खरी कसोटी दिवसाची. उजाडले की तारा हातचा जातो आणि दुसऱ्या रात्री तो पुन्हा गाठेपर्यंत हजाराहून अधिक ठोके निसटलेले असतात. ते न पाहता मोजायचे! एका ठोक्याचा काळ ठरवताना सेकंदाच्या तीन शतांशांची चूक झाली, तरी चोवीस तासांत अर्ध्या ठोक्याचा घोळ होतो. जपाच्या माळेतला मणी सुटावा तसे. पुढचा सगळा हिशेब संशयात पडतो. शिवाय पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने प्रकाश कधी आधी, कधी उशिरा पोचतो. तोही फरक वजा करायचा. एवढी निगा राखली म्हणूनच या ठोक्याचा काळ वर्षानुवर्षे किंचित कमी होतो आहे, म्हणजे श्वेतबटूची गिरकी वेगावते आहे, हे कळले.

एका गावची रात्र अशा कामाला पुरत नाही. अमेरिकेत उजाडते तेव्हा आपल्याकडे अंधार पडत असतो, आणि तुटलेली मोजणी इथून सांधता येते. कुंभ राशीतला एफओ अ‍ॅक्वेरी याच जातीचा. त्याचा ठोका सुमारे २१ मिनिटांचा, म्हणून तो टिपायला सोपा. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबरात, तो आपल्या आकाशात चांगला वर येतो. ज्यांच्याकडे मध्यम दुर्बीण आणि कॅमेरा आहे, त्यांनी घड्याळ अचूक लावून त्याच्या नोंदी जरूर घ्याव्यात.