वाहत्या नदीकाठचा अपव्यय

आदरणीय सअद (रजि.) वुजू करीत असताना प्रेषित मुहम्मद (स.) तेथून जात होते. हा अपव्यय कशासाठी, असे प्रेषितांनी विचारले. वुजूतही अपव्यय असतो काय, या सअद यांच्या प्रश्नावर त्यांनी होकार दिला आणि वाहत्या नदीकाठी बसलेल्यालाही ही मर्यादा लागू असल्याचे सांगितले. इब्ने माजा यांच्या हदीससंग्रहात हा प्रसंग आलेला आहे.

प्रिय बंधू-भगिनींनो, आज आपल्या मोबाईलमध्ये अशीच एक नदी वाहते आहे. डेटा स्वस्त आहे, रात्री बारा वाजता तो पुन्हा भरतो. म्हणून उरलेला ‘वाया जाऊ नये’ यासाठी आपण व्हिडिओ पाहत बसतो!

मुंब्रा, कल्याण वा डोंबिवलीच्या घरात दिसणारा व्हिडिओ कोठल्या तरी डेटा सेंटरमधून येतो. अशी केंद्रे आपल्याच ठाणे जिल्ह्यात ऐरोली, रबाळे, महापे येथे उभी आहेत. तेथील यंत्रे अहोरात्र चालतात व तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी वीज आणि अनेक ठिकाणी पाणीही लागते. महाराष्ट्राची बरीचशी वीज आजही कोळसा जाळूनच मिळते. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार २०२४ मध्ये जगातील सुमारे १.५ टक्के वीज डेटा सेंटरनी वापरली. २०३० पर्यंत हा वापर दुपटीहून अधिक होण्याची शक्यता आहे.

माझ्या एका संदेशाने काय बिघडते, असे कोणी म्हणेल. एका संदेशाचा भार खरोखरच नगण्य आहे. परंतु सअद (रजि.) यांच्या वुजूनेही नदी आटणार नव्हती, तरी प्रेषितांनी त्यांना टोकले. पवित्र कुरआनने सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे बंधू ठरविले आहे, तेथे रकमेची किमान मर्यादा घातलेली नाही.

इंटरनेट ही अल्लाहची देणगी आहे. त्यावर ज्ञान मिळविणे, उपजीविका करणे, आखाती देशांतील आप्तांची विचारपूस करणे हा अपव्यय नव्हे. मात्र एकच जुमा मुबारकचा व्हिडिओ वीस ग्रुपवर पाठविण्यापेक्षा आजारी शेजाऱ्याची भेट घ्यावी. आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद ठेवावेत. मोबाईलच्या एकूण प्रदूषणाचा मोठा वाटा तो तयार होतानाच पडतो. म्हणून चालणारा फोन केवळ हौसेखातर बदलू नये, बिघडल्यास दुरुस्त करावा.

वेळ, वीज आणि पाणी या अमानती आहेत. त्यांचा हिशेब देण्याची तयारी ठेवण्याची सद्बुद्धी अल्लाह आपणा सर्वांना देवो. आमीन.