कट कोणी म्हणायचं?

उन्हाळी सुट्टीतल्या एका चित्रपट शिबिरात यंदा मी ताई होते. शिबिरातली ताई मुलांना सिनेमा शिकवत नाही, ते काम दुसऱ्यांचं. तिने डबे, टोप्या, भांडणं आणि रडारड सांभाळायची. माझ्या गटात बारा-तेरा वर्षांची पाच मुलं होती. सामान काय, तर एक मोबाइल, एक ट्रायपॉड आणि झाडूच्या दांड्याला बांधलेला माइक.

चौथ्या दिवशी रडण्याचा सीन होता. गोष्टीतल्या मुलीचं मांजर हरवतं. ग्लिसरीन वापरायचं नाही, असं मी आधीच बजावलं होतं. सहा टेक झाले तरी डोळे कोरडेच. मग आमचा दिग्दर्शक, गटातलाच एक मुलगा, तिचं काम करणाऱ्या मुलीजवळ गेला आणि हळूच म्हणाला, "तुझे आजोबा आठव ना." आजोबा फेब्रुवारीत गेले होते. सातव्या टेकला ती रडली. कॅमेरा विसरून, खांदे गदगदून रडली.

मोबाइलच्या पडद्याकडे बघताना माझ्या मनात आलं, काय शॉट मिळालाय! कट म्हणायचं मला सुचलंच नाही. सुचलं ते माइक धरणाऱ्या मुलाला. त्याने दांडा भिंतीला टेकवला, पाण्याची बाटली उचलली आणि सरळ फ्रेममध्ये शिरला. "घालवलास ना टेक!" दिग्दर्शक ओरडला.

त्याला मी कोणत्या तोंडाने रागावणार होते? पहिल्याच दिवशी मी मुलांना दादासाहेब फाळक्यांची हकीकत रंगवून सांगितली होती. 'राजा हरिश्चंद्र'मध्ये त्यांचा मुलगा भालचंद्र रोहिदास झाला होता. चित्रीकरणाच्या वेळी तो पडला, डोक्याला लागलं, शुद्ध हरपली. त्याला मुंबईला न्यावं, असं मंडळींचं म्हणणं होतं. पण काम थांबवणं परवडणारं नव्हतं. फाळक्यांनी तिथेच उपचार केले आणि रोहिदासाच्या मृत्यूचा प्रसंग मुलगा बेशुद्ध असतानाच चित्रित केला, असं सांगतात. १९१३ साली चित्रपट लोकांपुढे आला आणि इतिहास घडला. ध्यास असावा तर असा, असं म्हणून मी गोष्ट संपवली होती. आमच्या दिग्दर्शकाने ती नीट ऐकली होती, एवढंच.

आता चित्रीकरणात काम करणाऱ्या मुलांसाठी नियम आहेत. दिवसाला पाच तासांहून जास्त काम नाही, विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही, मुलाच्या मर्जीविरुद्ध काहीच नाही. शिवाय जास्तीत जास्त पाच मुलांमागे एक जबाबदार व्यक्ती हवी. आमचं शिबिर म्हणजे काही स्टुडिओ नव्हे, पण हिशेब तंतोतंत जुळत होता. पाच मुलं होती. जबाबदार व्यक्तीही हजर होती, पडद्यात डोळे घालून. तिने ग्लिसरीनला बंदी केली होती आणि आपण मुलांचे डोळे जपले, या समाधानात ती होती.

संध्याकाळी एडिटला बसलो. दिग्दर्शक म्हणाला, "ताई, अख्ख्या फिल्ममध्ये हाच एक खरा शॉट आहे." त्याचं खरंच होतं. मी म्हटलं, ज्याचं रडू आहे त्याला विचार. तिने शॉट दोनदा पाहिला. "नाक किती लाल झालंय माझं," म्हणून हसली. मग म्हणाली, "हा नको. हे आजोबांसाठी होतं, मांजरासाठी नाही."

शॉट पुसला. नव्या टेकमध्ये ती पाठमोरी बसली, शेजारी दुधाची भरलेली वाटी. सीन बेताचाच झाला. शेवटच्या दिवशी पालकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या सीनला कोणाचा घसा दाटला नाही. दिग्दर्शकाचं तोंड शिबिर संपेपर्यंत फुगलेलं होतं आणि त्याची समजूत घालायला माझ्यापाशीही फारसं काही नव्हतं. चांगला शॉट गेला, हे मलाही सलत होतं.

फाळक्यांची गोष्ट मी पुढच्या वर्षीही सांगेन. फक्त ध्यासापाशी थांबणार नाही. त्या जागी कट कोणी म्हणायला हवं होतं, हे मुलांना विचारेन. आणि माइक धरणाऱ्याला आधी बोलू देईन.