परीक्षेपूर्वीची धडधड आणि तवक्कुल



अमरावती विद्यापीठाच्या परीक्षांचे वेळापत्रक लागले की अकोला, मूर्तिजापूर, अचलपूर, दर्यापूर अशा गावांच्या मशिदींत नमाजनंतर रेंगाळणारे तरुण चेहरे वाढतात. कोणी दुआची विनंती करतो, कोणी पेनावर दम करून मागतो, कोणी तावीज मिळेल काय असे हळूच विचारतो. त्यांतील बरेच जण बी.एस्सी.चे असतात आणि बहुधा 'अॅडव्हान्स्ड कॅल्क्युलस'च्या पेपरने त्यांची झोप उडवलेली असते. त्यांच्या बोलण्याच्या तळाशी एक प्रश्न दडलेला असतो : मी नमाजी आहे, तरी माझे काळीज धडधडते, मग माझे ईमान कच्चे आहे काय?

या प्रश्नाचे उत्तर कुरआनात हजरत मूसा (अलै.) यांच्या वृत्तांतात सापडते. फिरऔनच्या दरबारी जाण्याची आज्ञा झाली तेव्हा आपली छाती दाटून येते, जीभ चालत नाही, असे त्यांनी आपल्या पालनकर्त्याला स्पष्ट सांगितले. जादूगारांनी दोऱ्या आणि काठ्या टाकल्या, तेव्हाही त्यांच्या मनात भय दाटले, हे कुरआनाने लपविलेले नाही. भय वाटणे हा दोष असता तर एका महान प्रेषिताच्या चरित्रात त्याची नोंद अशी उघडपणे आली नसती. ताहा या सूरहमध्ये त्यांनी काय मागितले तेही पाहा : छाती मोकळी व्हावी, काम सुलभ व्हावे, जिभेची गाठ सुटावी आणि सोबतीला भाऊ हारून असावा. काम टळावे, असे त्यांनी मागितले नाही.

सोबतीची मागणी मला विशेष महत्त्वाची वाटते. आपली मुले अभ्यासाची अडचण एकट्याने गिळत बसतात. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलींना तर विषयाआधी भाषाच अडवते. शाळेत एक संज्ञा, महाविद्यालयात दुसरी. (उर्दूत या शास्त्राला 'इहसा' म्हणतात, म्हणजे मोजदाद. अल्लाहचे 'अल-मुहसी' हे नाव याच धातूचे.) अशा वेळी दोघी-तिघींनी एकत्र बसून एकमेकींना प्रमेय समजावणे ही हारूनचीच सोबत आहे.

आता तयारीविषयी. एका बदूने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले होते की उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू की मोकळा सोडून? आधी बांध, मग भरवसा ठेव, असे उत्तर त्याला मिळाले. ही हदीस आपण व्यासपीठावरून इतक्या वेळा ऐकतो की 'बांधणे' म्हणजे नेमके काय, हे विचारायचे राहून जाते. प्रस्तुत विषयात ते काय आहे, हे एका विद्यार्थ्याने मला वहीवर दाखविले. दोन चलांच्या फलनाची सीमा काढताना मुले एक-दोन सरळ मार्गांनी शून्याकडे जातात, उत्तर सारखे आले की सीमा आहे असे लिहून मोकळी होतात. पण क्ष-वर्ग गुणिले य, भागिले क्ष-चतुर्थघात अधिक य-वर्ग, हे फलन घ्या. आरंभबिंदूतून जाणाऱ्या कोणत्याही सरळ रेषेने गेलात तरी उत्तर शून्य येते. परंतु य बरोबर क्ष-वर्ग या परवलयावरून गेलात तर एक-द्वितीयांश! म्हणजे सीमाच अस्तित्वात नाही. गाईडमधील पाच सोडविलेली उदाहरणे पाठ करणाऱ्याला हे कळत नाही. व्याख्या समजलेल्याला कळते. व्याख्या समजून घेणे, दुहेरी संकलनाचा क्रम बदलण्यापूर्वी क्षेत्राची आकृती काढणे, मागील प्रश्नपत्रिका घड्याळ लावून सोडविणे, हे त्या उंटाचे दावे आहे.

आणि हे काम दीनबाह्य समजू नका. मदरशात आम्ही वारसाहक्काचे शास्त्र शिकतो तेव्हा अपूर्णांकांशीच झुंजतो. पती आणि दोन सख्ख्या बहिणी मागे राहिल्या, तर एकाचा वाटा अर्धा आणि बहिणींचा दोन-तृतीयांश. बेरीज एकापेक्षा अधिक होते. तेव्हा सहा हा छेद सात करून सर्वांचे वाटे प्रमाणात घटवितात. त्यालाच 'औल' म्हणतात. अल-ख्वारिज्मी यांच्या बीजगणिताच्या ग्रंथाचा मोठा भाग अशाच वाटण्यांचा आहे. इब्न अल-हैसम यांनी तर न्यूटनच्या सुमारे 600 वर्षे आधी परवलयखंड फिरवून होणाऱ्या एका घनाकृतीचे आकारमान भोवतीच्या वृत्तचितीच्या 8/15 असल्याचे सिद्ध केले. अर्थात पूर्वजांच्या या थोरवीचे आपल्याला पेपरात अर्धा गुणही मिळणार नाही.

एक गोष्ट कठोरपणे सांगतो. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. पावसाने भिजले, असे विक्रेता म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाहीस, असे विचारून फसविणारा आमच्यातील नव्हे, असे त्यांनी बजावले. अकोल्याच्या बाजारात कोरड्या कापसाखाली ओला कापूस दडविणाऱ्याला आपण सहज नावे ठेवतो. दुसऱ्याच्या चिठ्ठीवरून उतरविलेली उत्तरपत्रिका ही तशीच रास आहे. तिच्या आधारे मिळालेल्या नोकरीच्या पगारापर्यंत ती ओल पोहोचते. दम केलेला पेन आणि खिशातील चिठ्ठी एकत्र घेऊन परीक्षागृहात जाणारा तरुण दुआची थट्टा करीत असतो.

शरीराकडेही लक्ष द्या. रात्रभर नमाज आणि रोज रोजा धरणाऱ्या अब्दुल्लाह बिन अम्र (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) देहाचाही तुमच्यावर हक्क आहे असे सांगितले. इबादतीला ही मर्यादा, तर जागरणाला का नसावी? इशानंतर लवकर निजावे, फजरनंतरच्या ताज्या वेळेत अवघड प्रकरण घ्यावे, आणि वऱ्हाडातील उन्हाळ्यात दुपारी कैलूला, म्हणजे अल्पशी वामकुक्षी, करावी. ती सुन्नतही आहे.

मातापित्यांनो, पेपर देऊन आलेल्या लेकराला दारातच 'किती सुटले?' असे विचारू नका. आधी पाणी द्या. शेजारच्या मुलाचे गुण त्याच्यापुढे मोजू नका. एखादा विषय राहिला, एटीकेटी लागली, तर तो पुढच्या सत्रात पुन्हा देता येतो. निराशेच्या भरात गमावलेला जीव परत येत नाही. ज्याच्या मनात असे विचार घोळत असतील त्याने घरी, शिक्षकांकडे किंवा डॉक्टरांकडे आजच बोलावे. उपचार घेणे हा तवक्कुलचाच भाग आहे.

मशीद कमिट्यांनाही एक विनंती आहे. अनेक घरांत एकाच खोलीत सात माणसे असतात. परीक्षेच्या महिनाभर इशानंतर दोन तास मशिदीचे सभागृह उघडे ठेवा, पंखे आणि दिवे चालू राहू द्या, आणि मुलींसाठी वेगळी खोली व वेळ ठरवून द्या.